चक्क्याच्या पाण्यापासून ग्यूझपर्यंत: आंबट बिअर चाखायला शिकताना

आंबट बिअर म्हणजे मुद्दाम आंबट केलेली बिअर, ग्यूझ ही तिचीच एक जात. तिचा पहिला घोट घेतला की बहुतेक जण "आंबट आहे" म्हणतात आणि तिथेच थांबतात. काही जण तर बाटली खराब निघाली असं समजून ग्लास बाजूला सारतात. आंबट ही एकच चव आहे असं धरून चालल्याने असं होतं. लिंबाचं, ताकाचं, चिंचेचं आणि व्हिनेगरचं आम्ल वेगवेगळं असतं. त्यातलं प्रत्येक तोंडात आपल्या वेळेला येतं आणि आपल्या वेळेला जातं. ही आम्लं आधी सुटी करून जिभेला दाखवली की मग बिअरमध्येही ती ओळखू येतात. आम्ही शिकताना हाच क्रम धरला. त्यातलं निम्म्याहून अधिक काम बिअरचा थेंबही न लागता गावातल्याच वस्तूंवर होतं.

ते तसंच करावं, कारण कायदा सांभाळावा लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे बिअरचा प्रश्नच येत नाही. बाकीच्या विदर्भातही वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, पिण्याचा परवाना हवा आणि घरी बिअर तयार करणं हा गुन्हा आहे. शिवाय तालुक्याच्या बारमध्ये आंबट बिअर मिळतच नाही. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत ती अधूनमधून टॅपवर असते. तिथवर जायचं तर तयार जीभ घेऊन गेलेलं बरं.

सुरुवात पाण्यापासून. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी या कामाला चालत नाही. आपल्याकडच्या भूजलात बायकार्बोनेट भरपूर असतं, ते आम्लाचा बराच भाग मारून टाकतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मिठाची चवही मिसळते. दोन गावांत तेच माप घेऊन दोन वेगळ्या चवी आल्या, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. आरओच्या कॅनचं पाणी घ्यावं. सोबत ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि मेडिकलमधून आणलेल्या १ मिली व ५ मिलीच्या सिरिंजा (सुया काढून) एवढं पुरतं.

अर्धा लिटर पाण्यात दीड ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं की लिटरला ३ ग्रॅम सायट्रिक आम्लाचं पाणी तयार होतं. व्हिनेगरच्या बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली व्हिनेगर आणि ४८० मिली पाणी घ्यावं, म्हणजे लिटरला २ ग्रॅम ॲसेटिक होतं. ४ टक्क्यांची बाटली असेल तर २५ मिली घेऊन पाणी तेवढं कमी करावं. लॅक्टिकसाठी, म्हणजे दही-ताकातल्या आम्लासाठी, खाण्यायोग्य दर्जाचं ८८ टक्क्यांचं आम्ल मिळालं तर अर्ध्या लिटरला २ मिली. नाही मिळालं तरी अडत नाही. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगतो, त्यातून गळणारं चक्क्याचं पाणी घ्यावं आणि त्यात तेवढंच साधं पाणी मिसळावं. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं आणि संध्याकाळपर्यंत आंबटढाण होतं, म्हणून ताज्या दह्याचं आणि रात्रभर बाहेर राहिलेल्या दह्याचं अशी दोन पाणी वेगळी ठेवली तर एकाच आम्लाच्या दोन पायऱ्या दिसतात. चिंच १० ग्रॅम, पाव लिटर गरम पाण्यात भिजवून गाळलेली, हे टार्टारिक. आवळा एक, मध्यम, किसून पाव लिटर पाण्यात अर्धा तास ठेवून गाळलेला. एक ग्लास निव्वळ पाण्याचा. रंगावरून ओळख लागू नये म्हणून स्टीलचे पेले वापरावेत.

घोट साधारण १५ मिलीचा. तो पाच सेकंद तोंडात फिरवून थुंकायचा, दोन पेल्यांमध्ये साधं पाणी आणि चार मुरमुरे. सकाळची वेळ उत्तम. त्याआधी दोन तास खर्रा, तंबाखू, सुपारी काही नको. खर्ऱ्यातल्या चुन्याने आणि सुपारीने तोंड इतकं आळतं की तुरट काय आणि आंबट काय, दोन्ही कळत नाही. ठेचा-भाकर खाऊन बसलात तरी तोच प्रकार. ब्रश करून लगेच चाखलं तर पेस्टमधल्या फेसामुळे सगळंच कडू लागतं.

आता काय शोधायचं. लिंबूसत्त्व जिभेवर पडताक्षणी टोचतं, लाळ सुटते आणि चव तितक्याच लवकर निघून जाते. लॅक्टिक हळू येतं, त्याला धार कमी असते, गालांच्या आतल्या बाजूला ते पसरतं आणि रेंगाळतं. व्हिनेगर चव घेण्याआधी नाकात शिरतं आणि थुंकल्यावरही घशाशी जळतं. इतर आम्लांना जवळजवळ वास नाही, ॲसेटिकला आहे, म्हणून पेला नाकाशी नेऊनच ते वेगळं काढता येतं. जिभेच्या अमुक भागावर आंबट आणि तमुक भागावर गोड कळतं हा जुना नकाशा चुकीचा आहे, त्याच्या मागे लागू नये. चव कधी आली, किती टोचली आणि कधी गेली, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात.

आवळ्याचा पेला फार शिकवतो. आंबट आणि तुरट यांची गल्लत आंबट बिअर पिणारे सर्रास करतात, जुने रसिकही. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने तोंड कोरडं पडतं. घोट टाकून दिल्यावर जीभ वरच्या दातांच्या मागून आणि टाळूवरून फिरवावी. जीभ घसरली तर आंबटपणा, अडखळली तर तुरटपणा. बिअरमध्ये हा तुरटपणा ओकच्या पिंपातून, फळांच्या साली-बियांतून किंवा अर्क काढताना धान्य जास्त धुतल्याने येतो. पिंपातला थोडासा चालतो, हवासाही वाटतो. सालीतला जास्त झाला की बिअर खरखरीत लागते.

मग साखरेचा प्रयोग. लॅक्टिकच्या पाण्याचे पाव-पाव लिटरचे दोन भाग करावेत आणि एकात ५ ग्रॅम साखर विरघळवावी. पीएच मीटर (आम्लाची तीव्रता दाखवणारा, आकडा जितका कमी तितकी ती जास्त) दोन्हींत बुडवला तर आकडा तोच राहतो, जिभेला मात्र साखरेचा पेला स्पष्ट सौम्य लागतो. ब्रुअरीच्या फळ्यावर लिहिलेल्या पीएचवरून बिअर किती आंबट लागेल हे का सांगता येत नाही, ते इथे कळतं. लागरचा, म्हणजे बाजारातल्या नेहमीच्या साध्या बिअरचा, पीएच ४.२ ते ४.५ असतो, आंबट बिअरचा बहुधा ३.१ ते ३.६. पण ३.३ च्या दोन बिअरांपैकी एक मठ्ठ्याइतकी सोपी आणि दुसरी दात आंबवणारी असू शकते. कारण पीएच मोकळ्या आम्लाची तीव्रता सांगतो, एकूण आम्ल किती आहे ते सांगत नाही.

एकूण आम्ल मोजायची रीत जुनी आहे आणि ज्युनिअर कॉलेजच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती करता येते. बिअर दोन पेल्यांत वर-खाली ओतून तिचा गॅस पूर्ण काढावा, नाहीतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही आम्ल म्हणून मोजला जातो. १० मिली बिअर घ्यावी, तितकंच शुद्ध पाणी घालावं, फिनॉल्फ्थेलिन या रंगसूचकाचे दोन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडावं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. जितके मिली लागले त्याला ०.९ ने गुणलं की लॅक्टिकच्या हिशेबात लिटरला किती ग्रॅम ते मिळतं. लाल फळांच्या बिअरमध्ये रंगबदल दिसत नाही, तिथे मीटरवर ८.२ होईपर्यंत सोडावं. मीटर दर वेळी पीएच ७ आणि ४ च्या द्रावणांत तपासून घ्यावा. स्वस्त मीटर उन्हाळ्यात भलतेच सरकतात.

बिअर हाती आली की आधी आंबट बिअरला हात लावू नये. साधी, हलकी लागर घ्यावी. तिच्या २०० मिलीत ०.६ मिली लॅक्टिक घालावं आणि तीच लागर साधी ठेवून दोन्ही शेजारी चाखाव्यात. आम्ल वाढलं की हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा टोकदार होतो आणि मागे राहतो. कडू आणि आंबट एकमेकांना सांभाळून घेत नाहीत, म्हणून बहुतेक आंबट बिअरांत हॉप्स नावापुरते असतात. दुसरं कारण जास्त मूलभूत आहे: हॉप्सची आम्लं लॅक्टोबॅसिलसला, म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना, वाढू देत नाहीत. आयबीयू म्हणजे कडूपणाचा आकडा आठ-दहाच्या पुढे गेला की या जिवाणूंच्या बऱ्याच जाती थंडावतात.

लेबलवर किंवा फळ्यावर 'केटल सावर' असेल तर आंबटपणा एक-दोन दिवसांत आलेला आहे. धान्याचा गोड अर्क थोडा उकळून ३५ ते ४० अंशांवर आणतात, थोडं लॅक्टिक घालून पीएच आधीच ४.५ पर्यंत उतरवतात, मग लॅक्टोबॅसिलस सोडतात. वर कार्बन डायऑक्साइडचा थर ठेवून हवा आत येऊ देत नाहीत. पीएच ३.३-३.४ झाला की पुन्हा उकळून जिवाणू मारायचे, थोडे हॉप्स घालायचे आणि साखरेचं अल्कोहोल करणारं नेहमीचं यीस्ट टाकायचं. अशी बिअर स्वच्छ, सरळ, एकाच आम्लाची असते. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, कारण चक्क्याच्या पाण्यावर शिकलेलं इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. यात बिघडतं ते बहुधा पीएच आधी न उतरवल्यामुळे किंवा हवा शिरल्यामुळे: नको ते जिवाणू आधी वाढतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार होतं. त्याचा वास ओळखायला फार लांब जावं लागत नाही. तूप कढवायचं राहून गेलेलं, आठवडाभर बाहेर साठलेलं लोणी हुंगावं. हा खवट वास बिअरमध्ये कधीच 'शैली' नसतो. तो आला तर ग्लास परत करावा.

याच गटात बर्लिनर वाइसे येते: बर्लिनची, गव्हाची, साधारण ३ टक्के अल्कोहोलची, चुरचुरीत फेसाची. तिकडे ती रासबेरीचं किंवा वुडरफ नावाच्या वनस्पतीचं सरबत घालूनही पितात. गोझ मूळची जर्मनीतल्या गोस्लारची, पुढे लाइपझिगमध्ये रुजली, १९६०च्या दशकात जवळपास बंद पडली आणि १९८०च्या दशकात पुन्हा सुरू झाली. तिच्यात मीठ आणि धणे असतात, आणि आम्ल लॅक्टिकच. जेवणातला मठ्ठा ज्याच्या तोंडी बसलाय त्याला गोझ समजावून सांगावी लागत नाही. मिठाचं माप मात्र पाहून घ्यावं: १० ग्रॅम मीठ १०० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिली २०० मिली बिअरमध्ये घातलं की लिटरला अर्धा ग्रॅम होतं. एवढ्यात खारट लागत नाही, पण चव भरीव होते आणि आंबटाची धार बोथटते. ४ मिली घातलं की सरळ खारट लागतं. चांगल्या गोझमध्ये मीठ या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं आणि खारट आहे असं पटकन म्हणवत नाही.

फळांच्या बिअरबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे प्रत्येकाला संत्र्याची बिअर सुचते. संत्र्याचा रस बिअरमध्ये आंबवला की यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतं. उरतं ते सायट्रिक आम्ल आणि फिकट, थोडी शिळी चव. आपण ज्याला संत्र्याची चव म्हणतो ती निम्मी साखरेची असते आणि निम्मी सालीतल्या तेलाची. म्हणून जाणते ब्रुअर रसापेक्षा सालीचा वरचा केशरी थर किसून शेवटी घालतात आणि आतला पांढरा भाग येऊ देत नाहीत, तो कडू असतो. चाखताना ग्लास नाकाशी नेल्यावर संत्र्याची साल सोलल्यासारखा वास आला आणि तोंडात गोडी नसली, तर काम बरोबर झालंय. दाट, गुळचट, रसासारखी बिअर असेल तर न आंबलेला गर मागाहून घातलेला असतो. असा कॅन विदर्भाच्या उन्हात ठेवू नये. आत यीस्ट जिवंत असेल तर ते पुन्हा कामाला लागतं आणि कॅन फुगतो, फुटतोही.

इथवर आंबटपणा एकाच जिवाणूचा होता. पुढच्या बिअरांत ब्रेट येतं. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत नील्स येल्टे क्लाउसन यांनी १९०४ साली जगासमोर मांडलं, तेही इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून काढून. त्याच्या वासांसाठी तिकडच्या पुस्तकांत घोड्याची झूल आणि तबेला असे शब्द सापडतात. आपल्या नाकाला त्यासाठी गोठा आहे. झाकणाच्या काचेच्या छोट्या बरण्या घ्याव्यात. एकीत बारीक कापलेला कोरडा कडबा, दुसरीत तोच कडबा पाण्याचा शिपका देऊन रात्रभर ठेवलेला, तिसरीत बैलाच्या घुंगरमाळेचा घामेजलेला चामडी पट्टा, चौथीत एक लवंग, पाचवीत मेडिकलमधली चिकटपट्टी. दहा मिनिटं झाकून ठेवून एकेक झाकण उघडावं आणि दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. लांब श्वास घेतला की नाक लगेच बधिर होतं. ब्रेट ४-इथाइलफिनॉल बनवतं, तो चामडं, गोठा आणि चिकटपट्टीच्या बाजूचा वास. ४-इथाइलग्वायकॉल लवंग आणि धुराच्या बाजूचा. कोरडा कडबा आणि चामडं बिअरमध्ये शोभतं. ओला कडबा थोडा चालतो. चिकटपट्टी पुढे आली की बिअर औषधी लागते. शेणाचा किंवा तुंबलेल्या नालीचा वास आला तर ते ब्रेटच्या नावावर खपवू नये.

बिअरच्या प्रत्येक वासाला एक ठरलेला शब्द आणि त्या शब्दामागे हुंगून दाखवता येईल असा एक नमुना असावा, ही शिस्त मॉर्टन मायलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७९ च्या चव-चक्राने घालून दिली. आपल्या बरण्या त्याच कामासाठी आहेत. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड, ताज्या लोण्याचा डायअसिटिल, हिरव्या सफरचंदाचा ॲसिटाल्डिहाइड, नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा इथाइल ॲसिटेट. हा शेवटचा आणि व्हिनेगर बहुधा जोडीने येतात, कारण दोन्हींच्या मुळाशी पिंपात शिरलेली हवा असते.

लॅम्बिक ही बेल्जियमची आपोआप आंबणारी बिअर या सगळ्याचं माहेर. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला, झेन्न नदीच्या खोऱ्यात आणि पायोटेनलांडमध्ये ती तयार होते. अर्कात ३० ते ४० टक्के माल्ट न केलेला (मोड न आणलेला) गहू, हॉप्स एक ते तीन वर्षं जुने करून त्यांचा कडूपणा घालवलेले. उकळलेला अर्क रात्रभर उथळ, रुंद, उघड्या हौदात निवतो आणि हवेतले, इमारतीतले जीव त्यात उतरतात. ऑक्टोबर ते एप्रिलच्या थंडीतच हे करतात, उन्हाळ्यात नको ते जिवाणू बळावतात. आपली शिंदीही अशीच आपोआप आंबते, पण तिला सकाळ-संध्याकाळ पुरते. लॅम्बिकमध्ये आधी आतड्यातल्या जातीचे जिवाणू, मग नेहमीचं यीस्ट, मग महिनोन्‌महिने पेडिओकोकस हा लॅक्टिक बनवणारा जिवाणू आणि शेवटी ब्रेट, असा पाळीपाळीने कारभार चालतो. पेडिओकोकसच्या काळात बिअर तेलकट, तार धरणारी होते. ब्रेट ती तार तोडतं आणि डायअसिटिलही संपवतं. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की ग्यूझ, आंबट चेरी घातली की क्रीक. लेबलवर 'आउडे ग्यूझ' किंवा 'आउडे क्रीक' असेल तर ती पारंपरिक पद्धतीची, साखर न घातलेली. युरोपीय संघात या नावांना १९९७ पासून संरक्षण आहे. नुसतं फळाचं नाव असलेल्या बऱ्याच लॅम्बिक गोड केलेल्या असतात, त्यावरून लॅम्बिकबद्दल मत बनवू नये. फ्लँडर्सची तांबडी बिअर, रूसेलारची रोडेनबाख हिचं ओळखीचं नाव, मोठ्या ओकच्या पिंपांत मुरते आणि तिच्यात थोडं व्हिनेगर मुद्दाम असतं. ॲसेटिकचा पेला आधी चाखलेला असला की ते 'थोडं' किती, ते नाकच सांगतं.

एका बैठकीत चार-पाच नमुने, प्रत्येकी ६० मिली, यापुढे जाऊ नये. जीभ थकते आणि मग सगळंच सारखं आंबट लागतं. कमी आम्लाची आधी, ब्रेटची नंतर, गोड फळांची सर्वांत शेवटी. जीभ खरंच ओळखते की लेबल वाचून बोलते, हे तपासायला तीन पेल्यांची परीक्षा घ्यावी: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा, खुणा पेल्याच्या बुडाशी. वेगळा पेला अंदाजाने सापडायची शक्यता तीनात एक. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर ती ओळख धरावी, चार वेळांवर समाधान मानू नये. नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश करू नये, आम्लाने दातांचं कवच मऊ झालेलं असतं.

नागपूरच्या पलीकडे बाटली न्यायची तर थंडीत न्यावी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो, एसटीच्या टपाखाली त्याहून जास्त, आणि बिअर शिळी होण्याचा वेग दर दहा अंशांना दुप्पट-तिप्पट होतो. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून, बाटली उभी ठेवून न्यावी आणि परवाना, बिल जवळ असू द्यावं.

ग्यूझ दोन दिवस उभी ठेवून गाळ बसू द्यावा. फ्रीजमधून काढून वीस मिनिटांनी, १०-१२ अंशांवर उघडावी. बर्फासारखी थंड प्यायली तर फक्त आम्ल लागतं, कडबा-चामडं काहीच वर येत नाही. बाटली कलती धरून एकाच दमात सगळे ग्लास भरावेत, मध्ये उभी केली की गाळ ढवळतो. पहिला घोट गिळल्यावर वीस सेकंद काही खाऊ-पिऊ नये. धान्याच्या कोठीत उंदीर फिरल्यावर येतो तसा वास मागाहून घशातून वर आला तर तो टेट्राहायड्रोपिरिडिनचा दोष आहे. बिअरच्या आम्लात तो दबून असतो, लाळेने आम्ल उतरलं की सुटतो, म्हणून ग्लास हुंगून कधीच सापडत नाही. शंका असेल तर चमचाभर बिअरमध्ये खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून हुंगावं. दोष असेल तर तो तिथे लगेच उघडा पडतो. मात्र ही बिअर ओतून देऊ नये. तिच्याच जोडीची दुसरी बाटली असेल तर ती काही महिने अंधाऱ्या, गार जागी ठेवावी, कारण ब्रेट जिवंत असेल तर हा वास पुष्कळदा आपोआप ओसरतो.